आबांच्या माळवदाचं सागवान आणि घरच्या स्टुडिओचं टेबल : जाणकारांनी सांगा

पेटीवाला_औसा
नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला, पेटी वाजवतो, आणि तीन वर्षं झाली घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करायलो. आसपासची भजनी मंडळं, दोन गोंधळी, एक भारूडवाले काका, असे सगळे येतात. आतापर्यंत लोखंडी कॉम्प्युटर टेबलावर भागवलं पण आता ते पुरेना, स्पीकरमधून संबळ वाजला की टेबलाचा डावा खण झन्न करतो आणि मला कळतच नाही की तो आवाज रेकॉर्डिंगमधला आहे का टेबलाचा. मागच्या महिन्यात एक आराधी गीत चार वेळा मिक्स केलं, घरी चांगलं वाटायचं, गाडीत लावलं की आवाज डब्यातून आल्यासारखा.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडं लाकूड आहे. ९३ च्या भूकंपात, ३० सप्टेंबरच्या पहाटे, आमचं माळवद, म्हणजे तुळयांवर माती घातलेलं सपाट छत, पडलं नाही पण उत्तरेची भिंत फुगली. किल्लारी आमच्याच तालुक्यात. आबांनी त्या दिवसापासून त्या छताखाली कुणालाच निजू दिलं नाही, दिवाळीच्या आत वरची पांढरी माती खाली ओढली आणि तुळया, खांब, तुळयांवरच्या काड्यांचं किलचन सगळं उतरवून गोठ्यात रचून ठेवलं. आबा गेले, लाकूड तसंच राहिलं. सहा तुळया आहेत सागवानाच्या, ८ बाय ६ इंच, नऊ-नऊ फुटाच्या, वरून काळ्याठिक्कर. यातून टेबल करावं असं मनात लै दिवसापासून आहे. खोली १० बाय १२ फूट, उंचीपण १० फूटच. सांगा कसं करू, आणि करावं का नाही हेही सांगा, कारण एकदा चिरलं की परत तुळई होत नाही.

नांदेडी_रंधा
भाऊ मी सुतारकामातलाच माणूस. तीस वर्षं सावलीत वाळलेलं सागवान आजच्या तारखेला वखारीत मिळत नाही, किनवटकडचा नवा माल घेतला तरी तो असा वाळलेला नसतो. चिरा, बिनधास्त चिरा, पण आरामशीनवर न्यायच्या आधी एक काम करा, प्रत्येक तुळईवरून चांगला मोठा लोहचुंबक फिरवा. माळवदाच्या लाकडात जुने खिळे, झुंबराच्या कड्या, पाळण्याचे आकडे अडकलेले असतात, वरून गंजून लाकडाच्याच रंगाचे झालेले असतात, आऱ्याच्या पात्याखाली आले तर पातं तुटतं आणि माणसाला लागतं. जिथं चुंबक धरेल तिथं खडूनं गोल करा.
दुसरं, भुंग्याची भोकं बघा. भोक जुनं असेल तर आत धूळ बसून काळं पडलेलं असतं, ताजं असेल तर कडेला पिवळा भुसा दिसतो. ताजं दिसलं तर ती तुळई बाजूला ठेवा, औषध मारल्याशिवाय घरात आणू नका.
बारा सुताच्या (आठ सूत म्हणजे एक इंच) फळ्या काढा, रंधून दहा सूत राहतील, टेबलाच्या पाटाला तेवढी जाडी लागतेच. सहा सुताचा प्लाय पाच फुटाच्या गाळ्यात वाकतो, हे मी कितीतरी टेबलांना बघितलंय. जाडी दुप्पट झाली की वाक आठपट कमी होतो, एवढं लक्षात ठेवा.

तबला_परभणी
छान धागा. सागवानाच्या टेबलानं आवाजात गोडवा येईल असं मला वाटतं. तबल्याला खोड शिसवीचं का खैराचं यानं केवढा फरक पडतो हे रोजच बघतो आपण.

कान_संभाजीनगर
तबला दादांचं तबल्यापुरतं एकदम बरोबर आहे, पण टेबलाचं काम त्याच्या उलटं आहे हो. खोडानं वाजावं, टेबलानं गप्प राहावं. टेबलातून कुठलाही आवाज आला, गोड असला तरी, तर तो रेकॉर्डिंगमधला नाही, आणि मिक्स करताना तुम्ही त्याला सांभाळून घेता, मग गाडीत गेल्यावर गाणं उघडं पडतं. औसेकर दादांचं आराधी गीत डब्यातलं वाटायचं कारण बहुतेक हेच आहे.
म्हणून माझी विनंती की लाकडापासून सुरुवात करू नका, कानापासून करा. खुर्चीत बसा, नेहमी बसता तसं, आणि घरच्या कुणाला तरी जमिनीपासून कानापर्यंत मोजायला लावा. बहुतेकांचं ४६-४८ इंच येतं. स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे त्यातला बारीक आवाजाचा छोटा गोल, त्या उंचीला. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, समजा चार-चार फुटाचा. हे सगळं जमिनीवर खडूनं आखा आणि मग टेबल त्या त्रिकोणात कुठं बसतं ते बघा. लोक आधी टेबल करतात आणि मग स्पीकर जिथं जागा उरेल तिथं ठेवतात.
आता टेबल काय बिघडवतं ते सांगतो. स्पीकर टेबलावरच ठेवला, ट्वीटर पाटापासून ३० सेंटिमीटर वर, कान ४५ वर, मधलं अंतर ९०. सरळ येणारा आवाज साधारण ९१ सेंमी चालतो, टेबलावर आपटून येणारा ११७. फरक २६ सेंमी. ज्या आवाजाची अर्धी लांबी २६ सेंमी, म्हणजे ६५० हर्ट्झच्या आसपास, तिथं दोन्ही लाटा एकमेकींना खातात. माणसाच्या गळ्याचा भरणा त्याच भागात असतो. तुम्ही म्हणता आवाज पातळ आहे, तिथं वाढवता, आणि दुसरीकडं ऐकलं की फुगलेला.
तपासायचं असेल तर टेबलावर एक जाड वाकळ चार घड्या घालून पसरा आणि तेच गाणं ऐका. पूर्ण नाही जाणार, पण फरक कळला तर समजा टेबल बोलतंय.

पेटीवाला_औसा
कान दादा, तुम्हाला हात जोडून नमस्कार. आत्ताच केलं. आज्जीची वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, तीच घातली. गाणाऱ्या बाईंचा आवाज एकदम पुढं आला, जसा काही त्या खोलीत बसल्यात. तीन वर्षं मी माईकला दोष द्यायलो होतो, एक माईक तर विकून टाकला.
पण मग रोज वाकळ घालून काम करायचं का? माऊस, कीबोर्ड, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) कशावर ठेवू?

कान_संभाजीनगर
आरसा घ्या. खुर्चीत बसा, दुसऱ्या कुणाला तरी टेबलावर आरसा आडवा ठेवून सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात तुम्हाला ट्वीटर दिसला तीच आवाज आपटायची जागा. डाव्या स्पीकरची एक, उजव्याची एक. संपूर्ण टेबल गप्प करायची गरज नाही, त्या दोन जागा गप्प केल्या की बरंचसं काम झालं. नवीनच टेबल करताय तर त्या दोन जागी पाटाला खिडकी कापा, खाली दोन इंच रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), वर कापड. कापड कुठलं घ्यायचं तर तोंडाला लावून फुंकर मारा, फुंकर आरपार गेली तर आवाजपण जातो.

नांदेडी_रंधा
थांबा थांबा. पाटाला खिडक्या कापल्या की पाट कमजोर होतो, फळीचे उभे धागे तुटतात तिथं. कापायच्याच असतील तर चारी बाजूनं खालून पट्टी द्या, आणि खिडकी कोपऱ्यात चौकोनी नको, कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. आणि नुसतं कापड ठेवलं तर एक दिवस कुणाचं तरी कोपर जाईल त्यातून. वर जाळी पाहिजे लाकडाची.

पेटीवाला_औसा
जाळीला किलचन चालेल का? लै पडलंय, अर्ध्या-पाऊण इंचाच्या काड्या आहेत, त्यापण सागवानाच्याच.

नांदेडी_रंधा
चालेल की. काड्या रंधून अर्ध्या इंचावर आणा, मध्ये इंचभर फट सोडा. आवाजाचं कान दादा सांगतील.

कान_संभाजीनगर
काडीपेक्षा फट मोठी आहे, उत्तम. कापडाला नांदेडची खादी घ्या, विरळ विणीची. ज्या नांदेडात खादीचे तिरंगे तयार होतात तिथलं कापड औशातल्या टेबलात बसलं तर मला मनापासून आनंद होईल.

बीडची_आवाजवाली
हा धागा वाचून राहवलं नाही. मी ऑडिओबुक वाचते, मीपण टेबल करून घेतलं होतं, प्लायचं. दुकानदारानं आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का दाखवला, वॉटरप्रूफ म्हणून पैसे घेतले, आणि पहिल्याच पावसाळ्यात कडेला पापुद्रे सुटायला लागले, हातानं वरचा थर उचलला जायचा. तक्रार घेऊन गेले तर म्हणे तुम्ही पाणी सांडलं असेल. मी वर्षभर त्या टेबलावर पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवला नाही, रेकॉर्डिंगचं सामान असतं म्हणून. ज्यांच्याकडं सागवान नाही आणि प्लायच घ्यायचाय त्यांना सांगते, तळहाताएवढा तुकडा मागून घ्या आणि चांगले तीन दिवस थांबून थांबून पातेल्यात उकळा. आयएस ७१० ची कसोटीच ७२ तास उकळायची आहे, खरा माल सुटत नाही. दुकानदार तुकडा द्यायला कचरला तर तिथंच उत्तर मिळालं.
औसेकर भाऊ, एक विचारू? तुम्ही भजनी मंडळं रेकॉर्ड करता तर ते खाली बसतात ना? मग टेबल बैठंच का करत नाही, जुन्या पेढीवर असायचं तसं.

पेटीवाला_औसा
ताई, विचार केला होता. पण गाणारे खाली बसतात ते दुसऱ्या बाजूला सतरंजीवर, आणि एडिटिंगला मी सहा-सहा तास बसतो, खाली बसून गुडघे धरतात आता. खुर्चीच ठीक.

———

पेटीवाला_औसा
मंडळी, दीड महिन्यानं लिहायलो, माफ करा. काम सुरू झालंय.
चुंबक फिरवला तर सहा तुळयांत अकरा ठिकाणी लोखंड निघालं. एका तुळईत पाळण्याचा आकडा, पूर्ण आत गेलेला, वर लाकूड चढल्यासारखं. माय म्हणाली त्या आकड्याला माझा पाळणा होता. तो आकडा सुताराला हळू काढायला लावला, ठेवलाय.
आरामशीनवर पहिली तुळई लावली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. वरची काळी साल गेली आणि आतून लाकूड असं निघालं की काय सांगू, मधाच्या रंगाचं, आणि वास! सागवानाचा तो तेलकट, कातड्यासारखा वास, शंभर वर्षाचं छत होतं ते आणि वास आजचा. आरावाल्यानं मशीन बंद करून फळीवर हात फिरवला, म्हणाला असा माल आता येत नाही. एक तुळई मात्र आतून भुंग्यानं पोखरलेली निघाली, ती सोडून दिली. दोन तुळया मी चिरल्याच नाहीत, त्या आबांच्या म्हणून तशाच राहतील.
पाट पाच फूट बाय अडीच फूट, चार फळ्या जोडून. सुतारमामा आमच्याच गावचे, जुने आहेत, त्यांनी चारी पायाला कूस काढून खाचेत बसवलीय, एक स्क्रू नाही सांगाड्यात. हादरवून बघितलं, हालत नाही.
आता रॅकवर अडलंय. इंटरफेस आणि प्रीअँप (माईकचा आवाज वाढवणारं यंत्र) दोन्ही १९ इंची आहेत, त्यांना खालच्या बाजूला चार यू चा (यू हे अशा यंत्रांच्या उंचीचं माप) खण करायचाय. मामांना १९ इंची सांगितलं, त्यांनी आत बरोबर १९ इंचाचा खण केला, वरून आतल्या बाजूला सनमायका लावला, आणि प्रीअँप आत जाईना. मामा दिवसभर गप्प होते, मलाच वाईट वाटलं कारण माप मी दिलं होतं.

कान_संभाजीनगर
मामांची चूक नाहीच. १९ इंची म्हणजे वस्तूच्या तोंडाची पट्टी १९ इंच, ४८२.६ मिमी. खण तेवढाच केला तर जागाच उरत नाही, वर सनमायका दोन्ही बाजूनं मिळून दोन मिमी खातो. सनमायका लावल्यानंतर आतलं माप १९ इंच एक सूत पाहिजे. आणि लोखंडी पट्ट्या, ज्यांना स्क्रू बसतात, त्या दोन पट्ट्यांमधली मोकळी फट कमीत कमी ४५० मिमी, म्हणजे पावणेअठरा इंच.
आता मामांना एक गंमत सांगा, त्यांना आवडेल. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. म्हणजे बरोबर चौदा सूत. आणि पट्टीवरची भोकं कशी असतात तर पाच सूत, पाच सूत, चार सूत, परत पाच, पाच, चार. ही सगळी यंत्रं बनवणाऱ्यांनी जसं काही आपल्या सुताराच्या पट्टीवरच माप ठरवलंय.

पेटीवाला_औसा
दादा हे मामांना वाचून दाखवलं. मामांनी खिशातली घडीची पट्टी काढली, प्रीअँपच्या कडेला लावली, चौदा सूत मोजले, आणि इतक्या दिवसात पहिल्यांदा त्या मशीनला नीट हात लावला. म्हणाले, मग हे आपलंच माप हाय की. सनमायका खरवडून काढला, नुसतं लाकूड ठेवलं, आतून पटाशीनं दोन्ही बाजू अर्धा-अर्धा सूत उतरवल्या. आता प्रीअँप हातानं सरकतो.

नांदेडी_रंधा
मामांना माझा रामराम सांगा. खणाची मागची बाजू उघडी ठेवा, फळी मारून बंद करू नका, यंत्र तापतं.

कान_संभाजीनगर
बंद खण ढोलकीसारखा घुमतोपण, म्हणून दुहेरी कारण. खणाच्या बाजूवर बोटाच्या पेरानं टकटक करा, घुमलं तर आडवी पट्टी द्या. आणि केबलचं आत्ताच ठरवा. लाइटच्या वायरी टेबलाच्या डाव्या पायानं खाली, माईकच्या केबल उजव्या पायानं. कुठं एकमेकींना ओलांडायचंच झालं तर काटकोनात, समांतर कधीच नाही, नाहीतर ५० हर्ट्झची घरघर शिरते. तुमच्याकडं लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर असेल ना? तो साइन वेव्हचा आहे का बघा, स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह असेल तर टेबल कितीही चांगलं केलं तरी स्पीकर गुणगुणणार. आणि घराचं अर्थिंग. आधी अर्थिंग, मग बाकी सगळं.

तबला_परभणी
दादा, टेबलाखाली वाजवायच्या मिडी कीबोर्डचा सरकता पाट करताय का? मी केला आणि पस्तावलो, मांडी अडकते.

पेटीवाला_औसा
करणार होतो, मोजून सोडून दिलं. टेबल ३० इंच, पाट सव्वा इंच, खाली कीबोर्ड साडेतीन-चार इंच, त्याखाली सरकती फळी आणि वर बोटं जायला जागा, हे सगळं वजा केलं तर मांडीला जेमतेम २३ इंच उरतात. मी उंच आहे. कीबोर्ड वेगळ्या घोडीवर ठेवलाय बाजूला.

नांदेडी_रंधा
पाट सांगाड्याला कसा धरला? हे मी आधीच विचारायला पाहिजे होतं. खालून सरळ स्क्रू मारून घट्ट केला असेल तर येत्या जूनमध्ये फुटेल. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२ डिग्रीला लाकूड पार सुकतं आणि मृग लागला की हवा ओढून घेतं. अडीच फूट रुंद पाट आडव्या अंगानं दीड-दोन सूत फुगू शकतो. सागवान कमी हलतं पण हलतं. भोक गोल नको, लांबट पाहिजे, खाली वायसर, स्क्रू आवळायचा पण जाम नाही, मधल्या एका रांगेतच घट्ट धरायचा.

पेटीवाला_औसा
मामांनी मला न विचारताच तसं केलं होतं. मी खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं, सहा लांबट भोकं.

बीडची_आवाजवाली
पॉलिश कुठलं करताय? चकचकीत नका करू, स्क्रीनचा उजेड परत डोळ्यात येतो, मला त्यानं डोकं दुखायचं.

पेटीवाला_औसा
नाही ताई, जवसाचं तेल लावायलो, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणतात ते. कापडानं पातळ चोळायचं, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढायचं, दिवसभर वाळू द्यायचं, असे चार हात.

नांदेडी_रंधा
सगळ्यांनी हे नीट वाचा. जवसाच्या तेलाचं कापड चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं, घडीत उष्णता साठते आणि कापड आपोआप पेटतं, काडी लावायची गरज नाही. कापड उघडं पसरून दोरीवर एकेरी वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. भुसा आणि तेलाचं कापड एकाच खोलीत तर कधीच नाही.

———

पेटीवाला_औसा
टेबल बसलं खोलीत. चार माणसांनी उचललं. स्पीकर टेबलावर नाहीत, मागं वेगळ्या स्टँडवर आहेत, स्टँडपण राहिलेल्या सागवानाचे, पोकळ डबा करून आत कोरडी वाळू भरली. ट्वीटर ४७ इंचावर. आरसा ठेवून दोन खिडक्या आखल्या, प्रत्येकी १२ बाय १० इंच, आणि किलचनच्या जाळीखाली मातकट रंगाची खादी.
काल रात्री तेच जुनं आराधी गीत उघडलं. एकही फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवला नाही, नुसतं ऐकलं. संबळाचा जाडा आवाज अजून जरा जास्त वाटतो.

कान_संभाजीनगर
तो टेबलाचा नाही, खोलीचा आहे. तुमची रुंदी १० फूट आणि उंचीपण १० फूट, समोरासमोरच्या त्या दोन भिंती आणि जमीन-छत, दोन्ही जोड्या ५६ हर्ट्झलाच घुमतात, एकावर एक. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाड रॉकवूल उभं करावं लागेल, त्याचा वेगळा धागा काढा, लिहीन.

बीडची_आवाजवाली
भाऊ, मापं एकत्र द्याल का? मला माझ्या सुताराला दाखवायचीत, यावेळी प्लाय नको, बाभळीचा सांगाडा करून बघणारे.

पेटीवाला_औसा
हो ताई. पाट ६० बाय ३० इंच, जाडी दहा सूत. उंची ३०, पण तुमच्या खुर्चीवर बसून कोपर काटकोनात येतं का बघा आणि मग ठरवा. पाय ३ बाय ३. समोरून मांडीपाशी आडवी पट्टी नको. रॅकचा खण उजवीकडं, आत १९ इंच एक सूत, उंची चार यू म्हणजे सात इंच, त्यात एक सूत वर सोडा. खिडक्यांची जागा माझी घेऊ नका, तुमची आरशात बघूनच काढा, उंचीप्रमाणं बदलते. बाभूळ जड आणि चिवट असते, बैलगाडीला पिढ्यान्‌पिढ्या तीच, पण ओली असली तर लै पिळते, वर्षभर तरी वाळलेली घ्या.
आणि रंधा दादांसाठी, आज आषाढी झाली, पाऊस चांगला आहे. सकाळी पाटाच्या कडेला बोट लावून बघितलं तर सांगाड्याच्या बाहेर एक सूतभर आलाय. फुटला कुठंच नाही. मामा येऊन बघून गेले.